प्रश्न ज्याचा, शोध त्याचा

पहिला पेपर मी जवळजवळ सगळा स्वतःच लिहिला. तो माझा नव्हता. पूर्व आफ्रिकेतल्या एका जिल्हा रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरचा होता. लहान मुलांच्या जुलाबांच्या नोंदी त्याने दोन वर्षं नेटाने ठेवल्या होत्या. त्याचं इंग्रजी अडखळत होतं आणि तक्ते एकमेकांशी जुळत नव्हते. मी त्याची मेंटॉर होते. सहा रात्री बसून मी प्रस्तावना नव्याने लिहिली, तक्ते दुरुस्त केले आणि चर्चेचा भाग तर पुरता माझ्या शब्दांत उतरवला. त्याने मनापासून आभार मानले, मलाही बरं वाटलं. मग जर्नलच्या परीक्षकांचे प्रश्न आले. हीच सांख्यिकी कसोटी का घेतली? वयोगट असेच का पाडले? त्याने ती ई-मेल मला पुढे पाठवली आणि खाली एकच ओळ लिहिली : ‘याची उत्तरं तुम्हालाच ठाऊक असतील.’

त्या ओळीत तक्रार नव्हती, म्हणूनच ती मला फार लागली. दोन वर्षांच्या मेहनतीचा माणूस आपल्याच पेपरच्या दारात पाहुण्यासारखा उभा होता, आणि त्याला तिथे मी उभं केलं होतं. पेपर पुढे छापून आला. माझ्या दृष्टीने ते अपयश होतं आणि आजही आहे.

ही गोष्ट सौदी अरेबियातल्या अबकैकची. नकाशावर दम्माम-धाहरानकडून होफूफकडे निघालं की मधे हे गाव लागतं. कच्चं तेल बाहेर पाठवण्याजोगं करणारा जगातला सर्वांत मोठा कारखाना इथे आहे, आणि गावाचं सगळं जगणं त्याच्याभोवती फिरतं. रात्री आकाशाचा एक कोपरा ज्वाळांनी तांबूस असतो, उन्हाळ्यात उत्तरेचा शमाल वारा सुटला की खिडकीच्या फटीत बोटभर वाळू साचते. २००९ साली नवऱ्याच्या नोकरीमुळे मी इथे आले. त्याआधी पीएसएममध्ये, म्हणजे प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्रात, एमडी करून सहा वर्षं विदर्भातल्या खेड्यांत काम केलं होतं. इथे माझा व्हिसा नवऱ्याच्या व्हिशावर अवलंबून, त्यावर नोकरी करता येत नव्हती. पहिलं वर्ष मी भिंतीकडे बघत काढलं म्हटलं तरी चालेल. मग एका मैत्रिणीने ऑथरएडबद्दल कळवलं. अनुभवी संशोधक आणि गरीब देशांतले नवे संशोधक यांची इंटरनेटवर गाठ घालून देणारं हे जाळं २००७ साली सुरू झालं. पैसे मिळत नाहीत, मागतही नाहीत. मी नाव नोंदवलं. तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग माझं ऑफिस झाला.

सुरुवातीची काही वर्षं सगळं काम ई-मेलवर चाललं. व्हॉट्सअ‍ॅपचे कॉल सौदीत २०१७च्या सप्टेंबरपर्यंत बंदच होते. तेव्हा त्याचा राग यायचा, पण आता वाटतं, त्या बंदीने मला एक सवय लावली. बोलताना माणूस सहज उत्तर देऊन मोकळा होतो. लिहिताना थांबतो. त्या पहिल्या पेपरनंतर मी नियम केला : दुसऱ्याच्या मसुद्यात एकही वाक्य घालायचं नाही, समासात फक्त प्रश्न लिहायचे. ‘इथे तुम्हाला काय म्हणायचंय?’ ‘हा आकडा कुणी मोजला? कधी? कशाने?’ ‘हे वाक्य तुमच्या वॉर्डातल्या सिस्टरला वाचून दाखवलं तर ती मान डोलावेल का?’ वेळ तिप्पट लागू लागला. काही जण कंटाळून सोडूनही गेले. त्यांतल्या एकीने स्पष्ट लिहिलं की मला प्रश्नांची नाही, मदतीची गरज आहे. तिचं चुकलं असं मला म्हणवत नाही. तिला चार महिन्यांत बढतीसाठी पेपर दाखवायचा होता. नियम म्हणून जे धरलं जातं ते कधी कधी समोरच्याच्या पोटावर येतं, हे मी तिच्यामुळे शिकले. आता पहिल्याच पत्रात विचारते, मुदत किती आणि कशासाठी.

सर्वांत अवघड काम पेपर लिहिण्याचं नसतं. प्रश्न शोधण्याचं असतं. मलावीतली एक नर्स माझ्याकडे आली ती साठ प्रश्नांची प्रश्नावली घेऊन. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आईच्या छातीशी बांधून ठेवायची ‘कांगारू’ पद्धत १९७०च्या दशकाच्या शेवटी कोलंबियात बोगोटाला सुरू झाली. जिथे काचेच्या पेट्या पुरत नाहीत तिथे ती जीव वाचवते. मलावीला तिची गरज फार मोठी : २०१२च्या जागतिक अहवालात अपुऱ्या दिवसांच्या जन्मांचं सर्वाधिक प्रमाण मलावीचंच होतं, शंभरात अठरा. या नर्सची प्रश्नावली होती आयांचं ‘ज्ञान, दृष्टिकोन आणि वर्तन’ तपासणारी. आपल्याकडे पीजीच्या थिसिसमध्ये हा प्रकार वर्षानुवर्षं चालत आलाय. मीही तेच केलं होतं. अशा अभ्यासाचा निष्कर्ष बहुधा आधीच ठरलेला असतो : बायकांना माहिती कमी आहे, आरोग्यशिक्षण द्यावं.

मी तिला प्रश्नावलीबद्दल काहीच लिहिलं नाही. फक्त विचारलं, ड्यूटी संपवून घरी गेल्यावरही कोणती गोष्ट डोक्यातून जात नाही? उत्तर यायला बारा दिवस लागले. बाळाचं वजन नीट वाढू लागलेलं असतं, आईला सगळं समजलेलं असतं, आणि एक दिवस खाट रिकामी दिसते. ती न सांगता निघून गेलेली असते. का? तिकडच्या रुग्णालयांत रुग्णाबरोबर येणाऱ्या नातलगांसाठी आवारात वेगळा निवारा असतो. स्वयंपाक, धुणं सगळं तेच करतात. सोबतच्या बाईला पेरणीसाठी गावी जावं लागलं की आईला जेवायला घालणारं कुणी उरत नाही. नर्सने पुढे लिहिलं होतं : ‘आमायी, तिला माहिती कमी नाही. तिच्याजवळ माणूस नाही.’ तिकडे वडीलधाऱ्या बाईला आमायी म्हणतात.

साठ प्रश्नांच्या जागी अकरा आले. अभ्यास झाला तो खाट सोडून जाणाऱ्या आयांचा : कोणत्या महिन्यात जातात, सोबत कोण होतं, घरी आणखी मुलं किती. छोटासाच होता, कुठल्या मोठ्या जर्नलात आला नाही. पण तिच्या वॉर्डात आयांच्या जेवणाची काही सोय झाली, आणि ती मागताना तिच्या हातात कागद होता.

असा प्रश्न पुस्तकातून येत नाही हे मला नवं नव्हतं, मी विदर्भात वाढले होते. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली तेव्हा शंभरातल्या ९२ बायकांना स्त्रीरोग निघाला, आणि याआधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या शंभरात फक्त आठ. ‘लॅन्सेट’मध्ये जानेवारी १९८९ला हे छापून आलं आणि बाळंतपण व कुटुंबनियोजन यापलीकडे खेड्यातल्या बाईला शरीर असतं, हे जगाला मोजून दाखवलं गेलं. बंग दांपत्याने लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायला गावातल्या बायकांसाठी बनवलेलं साधन मी अनेकांना वर्णन करून सांगते. एक मिनिटाची वाळूची घटिका आणि तिच्या शेजारी मणी. मोठे आकडे न येणारी बाईही दर दहा श्वासांना एक मणी सरकवून सांगू शकते की श्वास धोक्याइतका जलद आहे की नाही. संशोधनाची हत्यारं दिल्ली-जिनिव्हातच घडतात असं मानणाऱ्या तरुणांना ही घटिका पटकन समजते.

दुसरं उदाहरण महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लाल विंचू चावलेली माणसं यायची आणि बघता बघता हृदय थकून जायची. प्रयोगशाळा नाही, वाचनालय नाही. रुग्णाच्या उशाशी रात्रभर बसून नाडी, रक्तदाब, घाम, थंड पडलेले हातपाय यांच्या तासातासाच्या नोंदी, एवढंच त्यांच्या हाती होतं. १९८२ साली ते ‘लॅन्सेट’मध्ये आलं. पुढे रक्तदाबाचं साधं औषध, प्राझोसिन, त्यांनी वापरलं आणि मरणारी माणसं वाचू लागली. २०११ साली ‘बीएमजे’मध्ये त्यांचा ७० रुग्णांवरचा अभ्यास छापून आला, निम्म्यांना प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिनबरोबर विंचवाची प्रतिलस. ७० हा आकडा मी मुद्दाम सांगते. ‘आमच्याकडे रुग्ण थोडे आहेत’ हे दर दुसऱ्या पत्रात येणारं वाक्य असतं.

आता एक कबुली. मेळघाटातल्या एका वैद्यकीय अधिकाऱ्याने मला नवजात बाळांच्या वजनांची एक्सेल शीट पाठवली होती. हजाराच्या आसपास नोंदी. मी आलेख काढला आणि थक्क झाले. बरोबर अडीच किलोवर एक मनोरा उभा होता. २.४ला जवळपास कुणी नाही, २.३ला थोडे, आणि २.५ला ढीग. अडीच किलोच्या खालचं बाळ कमी वजनाचं गणलं जातं, हे या क्षेत्रातल्या कुणालाही ठाऊक असतं. मी लगेच लिहिलं की हा डेटा बनावट वाटतो, असल्या आकड्यांवर मी काम करणार नाही. शब्द याहूनही कडक होते.

तीन आठवडे उत्तर नाही. मग एक लांब पत्र आलं. ‘मॅडम, एकदा काटा बघा,’ असं लिहून त्याने फोटो जोडला होता. झोळी अडकवायचा स्प्रिंगचा काटा, आकडे पुसट, आणि अडीचच्या खुणेवर रंग बदलणारा पट्टा. अंधाऱ्या झोपडीत, बाळ हातपाय झाडतंय, आजी घाई करतेय, अशात नर्सताई काट्याकडे बघते तेव्हा तिला आकडा नाही, रंग दिसतो. शिवाय २.४ लिहिलं की त्या बाळाला पुढे पाठवायचं, गाडी बोलवायची, आई नको म्हणाली तर तिची सही घ्यायची. कुणी खोटं बोलत नव्हतं. थकलेली माणसं जवळचा सोयीचा आकडा लिहीत होती.

मी माफी मागितली. त्याने ती मोठ्या मनाने स्वीकारली, पण पुढचे काही महिने तो प्रत्येक तक्त्याखाली खुलासा लिहायचा, जणू माझ्यासमोर साक्ष देतोय. तुटलेला विश्वास असा बारीकसारीक गोष्टींत दिसत राहतो. शेवटी त्याने अभ्यास फिरवला. नेमक्या त्या मनोऱ्याचाच अभ्यास केला : डिजिटल काटा दिलेली उपकेंद्रं आणि जुना काटा असलेली उपकेंद्रं यांच्या नोंदींत काय फरक पडतो. माझ्या नजरेला जो दोष दिसला होता, तोच त्याच्या हाती विषय झाला. माझं श्रेय त्यात शून्य आहे.

याच अधिकाऱ्याने एकदा विचारलं होतं, मॅडम, मेळघाटातल्या मुलांवरचा हा पेपर मिळवून द्याल का? मेळघाटात राहून मेळघाटातल्या मुलांवरचं संशोधन वाचायला त्याला पगारातले पैसे मोजावे लागले असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली मोठ्या प्रकाशकांना बरोबर घेऊन ‘हिनारी’ सुरू केलं, त्यातून गरीब देशांतल्या संस्थांना जर्नलं फुकट किंवा नाममात्र दरात वाचता येतात. मलावीच्या नर्सला ती सोय होती. भारत त्या यादीत बसत नव्हता. देश म्हणून आपण तेवढे गरीब नाही, पण मेळघाटात धारणीच्या पुढच्या उपकेंद्राला ही श्रीमंती पोहोचलेली नसते.

या टंचाईवरच आणखी एक धंदा उभा राहिलाय. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलांनी माझ्या ओळखीच्या चार जणांना फसवलं. एकाने दोन महिन्यांचा पगार भरला. परीक्षण झालं नाही, तिसऱ्या दिवशी ‘स्वीकारलं’ म्हणून पत्र आलं, आणि पेपर मागे घेतो म्हटल्यावर त्यासाठी वेगळे पैसे मागितले. त्याच्या शरमेने मला रडू आलं. तो मूर्ख नव्हता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, की प्रामाणिक जर्नल घाई करत नाही आणि पाठीही थोपटत नाही.

नाव कुणाचं लागतं, हा प्रश्न मला इथे अबकैकला जास्त टोचतो, कारण त्याची एक मोठी गोष्ट इथल्याच भूमीत घडली. २०१२ साली जेद्दाच्या एका रुग्णालयातल्या इजिप्शियन विषाणुतज्ज्ञाने, डॉ. अली मोहम्मद झाकी यांनी, न्यूमोनियाने गेलेल्या एका रुग्णाच्या नमुन्यात नवा कोरोनाविषाणू पाहिला. खात्रीसाठी नमुना नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या इरॅस्मस वैद्यकीय केंद्राकडे गेला, आणि २० सप्टेंबरला झाकींनी जगभरच्या डॉक्टरांना प्रो-मेड या साथरोगांच्या ई-मेल यादीवरून सावध केलं. विषाणूला सुरुवातीला जे नाव पडलं त्यात रॉटरडॅमच्या त्या केंद्राची आद्याक्षरं होती. मे २०१३मध्ये त्याचं ‘मर्स’ झालं. त्याच वसंतात अबकैकपासून तासाभराच्या अंतरावरच्या अल-अहसात रुग्णालयांतून साथ पसरली. त्यातल्या २३ रुग्णांचा अभ्यास त्या वर्षी ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आला. डायलिसिसच्या खुर्च्यांवरून ती कशी सरकत गेली हे त्यात बारकाईने दाखवलंय. त्या दिवसांत तिथल्या होफूफच्या बाजारात आम्ही खजूर आणायला जाणं सोडलं होतं. नमुना कुठे जातो, नाव कुठे लागतं आणि भीती कुठे उरते, या तीन गोष्टी तीन वेगळ्या गावी असू शकतात.

म्हणून लेखकांच्या यादीत माझं नाव घालू देत नाही. आभारात घाला. मोठ्या देशातला सहलेखक पाठीशी असला तर परीक्षक गांभीर्याने घेतात असं काही जण सांगतात. त्यांचा अनुभव खरा असेल. तरी मी नाहीच म्हणते.

१४ सप्टेंबर २०१९, शनिवार. पहाटे चारच्या सुमारास स्फोटांच्या आवाजाने जाग आली. तेलाच्या कारखान्यावर ड्रोन येऊन आदळले होते. खिडकीतून धूर दिसत होता, नवऱ्याचा फोन लागत नव्हता. त्या आठवड्यात त्याची रात्रपाळी होती. देशाचं दिवसाचं ५७ लाख बॅरल तेल एका रात्रीत थांबलं हे नंतर बातम्यांत कळलं. त्या घटकेला मला एका माणसाशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. सव्वापाचला फोन वाजला, तो नवऱ्याचा नव्हता. संदेश होता येमेनमधून. ‘दुक्तोरा, तुम्ही सुखरूप आहात?’

येमेनच्या हुथींनी हल्ल्याची जबाबदारी घेतली. सौदी आणि अमेरिकेने इराणकडे बोट दाखवलं. माझ्याकडे मार्गदर्शनाला असलेला हा येमेनी डॉक्टर तिकडे पटकीच्या उपचार केंद्रात काम करत होता. त्याच्या गावावर वर्षानुवर्षं विमानांतून बॉम्ब पडत होते. इतक्या दिवसांत मी त्याला कधी एकदाही विचारलं नव्हतं की तू सुखरूप आहेस का. तक्ते विचारले होते. मृत्यूंचे आकडे विचारले होते. येमेनमध्ये २०१७च्या अखेरीपर्यंत पटकीचे संशयित रुग्ण दहा लाखांवर गेले होते, त्यांतल्या काही शेकड्यांची यादी त्याने हाताने लिहून ठेवली होती, आणि मी त्या यादीतले कोरे रकाने त्याला दाखवत बसले होते. नवरा सकाळी आठला घरी आला. त्यानंतर मी त्या डॉक्टरला उत्तर लिहायला बसले आणि पहिल्यांदा त्याच्या मुलांची नावं विचारली.

त्याच्या पेपरचा सगळ्यात चांगला भाग ‘मर्यादा’ या मथळ्याखाली आहे. बहुतेक जण तिथे दोन ठरीव वाक्यं टाकून पुढे जातात. त्याने लिहिलं, की या यादीत फक्त आमच्या दारापर्यंत पोहोचलेले मृत्यू आहेत; रस्ता बंद असलेल्या दिवसांच्या नोंदी शून्य आहेत, आणि शून्याचा अर्थ त्या दिवशी कुणी मेलं नाही असा घेऊ नये. मी त्या परिच्छेदाला हात लावला नाही. तो आता मी इतरांना नमुना म्हणून पाठवते.

गेल्या काही वर्षांतलं काम नेपाळचं. तराईतल्या एका रुग्णालयात मूत्रपिंडविकाराच्या वॉर्डात काम करणाऱ्या तरुण डॉक्टरने मला लिहिलं, ‘दिदी, डायलिसिसला तिशीतली मुलं येतात. मधुमेह नाही, आधीचा रक्तदाब नाही. विचारलं की कळतं, आखातात होती.’ असाच धागा २००२ साली मध्य अमेरिकेतल्या एल साल्व्हादोरमधल्या डॉक्टरांनी आपल्याच रुग्णालयाच्या दारात मोजून दाखवला होता. तिथे शेतात राबणारे पुरुष होते. आपल्याकडे आंध्र प्रदेशात श्रीकाकुलममधल्या उद्दानमलाही कारण नीट न उलगडलेला असाच मूत्रपिंडविकार आहे. ऊन, शरीरातलं पाणी कमी होणं, अंगदुखीच्या गोळ्या, वारसा, पाणी : कशाचा किती वाटा, यावर वाद चालू आहेत. मध्य अमेरिकेत त्यावरचा उपाय म्हणून पाणी, विश्रांती आणि सावली या तीन शब्दांत मोहीम चालली.

त्याच्या प्रश्नावलीत एक प्रश्न होता : आखातात काम केलं होतं का? हो किंवा नाही. मी खिडकीशी बसून ते वाचत होते. समोर रस्त्याचं काम चाललं होतं. सौदीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी बारा ते तीन उन्हात काम करायला बंदी आहे, पण त्या दिवशी सकाळी साडेदहालाच बाहेरची हवा तव्यासारखी झाली होती. खोदणारे चौघे नेपाळी होते. त्यांच्या मागच्या इमारतीत एसीत बसणारा हिशेबनीसही नेपाळी आहे. दोघांचंही उत्तर ‘हो’ येणार. उत्तर मला समोर दिसत होतं आणि ते लिहून टाकण्याचा मोह फार झाला. पण पहिला पेपर आठवला. एवढंच विचारलं : ‘हो’ म्हणणाऱ्या माणसाचा दिवस कसा जातो, हे एकाला सविस्तर विचारशील का? तो डायलिसिसच्या चार तासांत रुग्णांजवळ बसू लागला. दोन महिन्यांत प्रश्नावली बदलली. उन्हात किती तास, पाणी कोण आणून देतं, गोळ्या कोणत्या, ओव्हरटाइम किती, किती माळे चढायचे.

एकदा त्याने सुचवलं, दिदी, तुम्ही तिथेच आहात, तिथल्या कामगारांकडूनही प्रश्नावली भरून घ्या ना. मी दोन रात्री विचार केला. माणसं दाराबाहेर होती. पण त्यांचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, मालकाच्या हाती, त्यांची खोली मालकाची, आणि माझ्या हातात कोणत्याही एथिक्स कमिटीची परवानगी नाही. नाही म्हणायची ज्याला सोय नाही त्याची संमती ही संमती नसते. मी नकार कळवला आणि कारणही लिहिलं. त्याला ते पटायला वेळ लागला. एवढ्या जवळ असून हात आखडता घेणं मलाही सोपं गेलं नाही.

तरी पाण्याच्या बाटल्या बाहेर नेऊन देते, ते संशोधनात मोडत नाही. गेल्या ऑगस्टमध्ये त्यांतला एक वयस्क गवंडी भिंतीच्या सावलीत बसला होता. बाटली घेतली आणि फक्त घसा ओला करून झाकण लावलं. मी म्हटलं, अजून पी ना बाबा. हिंदीत म्हणाला, ‘बहनजी, ज्यादा पियेंगे तो जाएँगे कहाँ?’ आणि त्याने लांब, कारखान्याच्या कुंपणाकडे बोट केलं. शौचालय तिथे होतं. जायला-यायला वीस मिनिटं, आणि ती वीस मिनिटं सुपरवायझर मोजतो. म्हणून माणसं सकाळपासून पाणी बेतानेच पितात.

पाण्याचा पुरवठा विचारणारी प्रश्नावली आम्ही दोघांनी मिळून कितीतरी वेळा वाचली होती. हे आमच्यापैकी कुणाच्याच मनात आलं नव्हतं.

त्या रात्री मी नेपाळला लिहिलं. गवंडी काय म्हणाला ते सांगितलं नाही. कुणाचं बोलणं परवानगीशिवाय डेटा म्हणून पुढे पाठवायचं नव्हतं. एवढंच विचारलं की पाणी समोर असूनही माणूस पीत नाही, असं कधी होत असेल? उत्तर आलं नाही. पुढच्या रविवारी त्याची शीट आली. त्याने वॉर्डात विचारलं होतं. ‘पाणी कोण आणून देतं’ या रकान्याच्या शेजारी एक नवा रकाना होता, ‘शौचालय चालत किती मिनिटांवर’, आणि त्याच्या पहिल्या नऊ ओळी भरलेल्या होत्या.